केरबाला परत उठायचं होतं

माझ्याकडे येणारी माणसं बहुतेक बांधावरून भांडून आलेली असतात. शेजाऱ्याने नांगर हातभर आत घातला, चुलत्याने विहिरीची पाळी खाल्ली, बहिणीचं नाव उताऱ्यावरून गायब झालं. इस्लामपूरच्या कोर्टासमोर माझं ऑफिस आहे आणि तिथे बसून बसून माझे केस पांढरे झाले. त्यामुळे केरबा खुर्चीत बसून म्हणाला, की त्याला कुणाशीच भांडायचं नाही, फक्त मेल्यावर जळायचं नाही, तेव्हा मला आधी हसू आलं आणि मग कंटाळा आला.

केरबा आणि मी एका गावचे, एका वर्गातले. गाव वाळवा तालुक्यात, कृष्णेच्या काठी, जिकडे बघाल तिकडे ऊस. मी जैनाचा वर्धमान, पुढे वकील झालो. तो मराठ्याचा, घरात दोन पिढ्या फौजेत गेलेल्या. त्याला मात्र छातीच्या मापात एक बोट कमी पडलं म्हणून परत पाठवलं आणि तो जनावरांच्या दवाखान्यात लागला. डॉक्टर नव्हे, डॉक्टरच्या हाताखालचा. पण गावोगावी त्याला डॉक्टरच म्हणायचे आणि तोही कुणाचं बोलणं दुरुस्त करायचा नाही.

त्याचं मुख्य काम गाई-म्हशी भरवण्याचं. मोटारसायकलला नायट्रोजनचं भांडं बांधून तो हिंडायचा. त्या भांड्यात जातिवंत वळूंचं रेत बारीक नळ्यांतून गोठवून ठेवलेलं असतं. झाकण उघडलं की पांढरा धूर निघतो आणि बघे गोळा होतात. एकदा घाईत हातमोजा न घालता त्याने नळी काढली आणि उजव्या हाताचं पहिलं बोट भाजलं. थंडीनेही माणूस भाजतो हे मला तेव्हा कळलं. जखम भरली, पण बोटाच्या टोकाला पुन्हा कधी काही कळलं नाही. कपातला चहा गरम की गार, त्या बोटाला सारखंच.

नोकरीची बरीच वर्षं त्याने आटपाडीकडे काढली. दुष्काळी मुलूख, पण खिलार जनावर बघावं तर तिथलं. तिथे हरण्या नावाचा एक वळू होता, त्याचं नाव साताऱ्यापर्यंत गाजलेलं. तो मेला, मालकाने त्याला रानात पुरला, वर बाभळ उगवली. पुढे कितीतरी वर्षांनी भांड्याच्या तळाशी राहिलेल्या एका नळीने केरबाने एका म्हातारीची गाय भरवली. खोंड झालं. केरबा ते बघायला मुद्दाम गेला आणि तिथून सरळ माझ्याकडे आला.

‘‘वकील, तीच मान टाकायची ढब,’’ तो म्हणाला. ‘‘त्योच रंग. बाप मातीत कुजून गेला, आन पोरगं आज हुबं ऱ्हायलं. थंडीत मरण न्हाई गड्या.’’

‘‘अरे, ते बी होतं,’’ मी म्हटलं. ‘‘बैल कुठे उठला?’’

‘‘सुरवात तिथनंच असतीया.’’

ही सुरुवात त्याच्या डोक्यात मुक्कामाला राहिली. निवृत्त झाल्यावर मोबाईल हातात आला आणि दिवसभर व्हिडिओ बघणं सुरू झालं. परदेशात म्हणे माणूस मेला की लगेच त्याला असंच नायट्रोजनमध्ये ठेवतात. पुढे कधीतरी औषध निघेल, तेव्हा उठवायचं. अजून एकही उठलेला नाही, हेही त्याने मला प्रामाणिकपणे सांगितलं. बंगळूरकडे काही तरुण इंजिनिअर असं केंद्र काढायच्या खटपटीत होते. त्यांना पहिला माणूस हवा होता, ज्याची कागदपत्रं स्वच्छ असतील आणि गाव ज्याच्या मागे उभं राहील. पहिल्याकडून ते पैसे घेणार नव्हते. केरबाने फोन करून आपलं नाव दिलं.

मी त्याला विचारलं, ‘‘पण तुला उठायचंय कशाला?’’

तो म्हणाला, ‘‘दमलोय रं. उभा जल्म दुसऱ्याच्या गोठ्यात गेला. दिवाळी न्हाई, पाडवा न्हाई, कुणाची गाय माजावर आली की मार किक. पोरं कवा मोठी झाली मला कळलं न्हाई. जगायचं ऱ्हाऊनच गेलं बघ. जरा गार पडून ऱ्हातो, आन मग उठून निवांत जगतो.’’

मी वकील माणूस, मला कायदा ठाऊक. मी त्याला पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगितलं, की आपल्याकडे या गोष्टीला परवानगी देणारा कायदा नाही आणि बंदी घालणाराही नाही. कायद्याच्या लेखी मेलेला माणूस मेलेला. त्याच्या मृत्यूची नोंद व्हायची, वारस लागायचे. आणि तू मेलास की तुझ्या इच्छेला जोर नाही. देहाचं काय करायचं ते जवळची माणसं ठरवतात. सगळ्यांत आधी बायको. ती नाही म्हणाली की संपलं.

‘‘बनुवहिनींना विचारलंस?’’

‘‘तिला काय इचारायचं?’’ त्याला खरंच नवल वाटलं. ‘‘ती माझ्याबाहेर हाय व्हय?’’

तो विषय त्याच्यापुरता तिथेच मिटला. बायकोचा होकार तो धरूनच चालला, जसा तो भाकरी धरून चालायचा. आणि जगाचा होकार गोळा करायला बाहेर पडला.

पुढची काही वर्षं त्याने सांगलीच्या वाऱ्या केल्या. सकाळची एसटी, स्टँडवर वडापाव, मग एक कार्यालय. आरोग्यवाले म्हणाले, मेलेला माणूस आमच्याकडे येत नाही. दुसऱ्या टेबलावर म्हणाले, स्मशानभूमीचा विषय असेल तर ग्रामपंचायतीकडे जा. एका साहेबाने नायट्रोजन हा शब्द ऐकला आणि त्याला थेट पशुसंवर्धनाकडे धाडलं. तिथे सगळे ओळखीचे, त्यांनी चहा पाजला आणि बदल्यांच्या गप्पा मारल्या. एका बाईंनी फार मायेने सांगितलं, ‘‘काका, देहदान करा की. पोरांना शिकायला होतं.’’ त्याने हात जोडले. ‘‘बाई, कापून घेतल्यावर उठू कसा?’’ असं विचारून तो परत आला.

प्रत्येक वारीनंतर तो माझ्याकडे यायचा आणि मी चिडायचो. पुढे पुढे चिडायचाही कंटाळा आला. मी त्याचे अर्ज लिहून द्यायचो, तो ते घडी करून खिशात घालायचा. माझी आई तेव्हा होती. बर्फ अभक्ष्य म्हणून तिने जन्मात कधी कुल्फीसुद्धा खाल्ली नाही. तिला हे कळल्यावर तिने एवढंच विचारलं, ‘‘शरीर ठेवील रे तो. पण जीव तेवढा वेळ ताटकळत बसेल होय?’’ मी ते केरबाला सांगितलं. तो म्हणाला, ‘‘काकूस्नी सांग, जीवबी दमलेलाच हाय, बसंल.’’

शेवटी एका साहेबाला त्याची दया आली असावी. तो म्हणाला, गावाची ना हरकत आणा, वारसांची संमती आणा, मग फाईल वर पाठवतो. वर म्हणजे कुठे, हे साहेबालाही माहीत नव्हतं. पण केरबाला उभारी आली.

पोरांनी कटकट केली नाही. मुलगी रेश्मा साताऱ्याला दिलेली, ती फोनवर रडली आणि मग म्हणाली, अण्णा म्हणतील तसं. मुलगा शिवतेज फौजेत, तिकडे सीमेवर. तो म्हणाला, ‘‘ओके अण्णा, आईचं बघा फक्त.’’ केरबाने मला हे सांगताना शेवटचे शब्द सांगितलेच नाहीत. ते मला पुढे शिवतेजकडून कळले.

गावाने मात्र त्याला चांगलंच दमवलं. आमच्याकडे अंत्यविधीला जाणं म्हणजे ‘मातीला जाणं’. सरपंच नानासो तसा समजूतदार गडी, पण तोही म्हणाला, ‘‘डॉक्टर, माती झाली न्हाई तर माणूस मेला कसा म्हणायचा?’’

केरबाकडे उत्तर तयार होतं. आमच्या गावात फौजेतली पोरं बरीच. बाप गेला तर पोरगं येईपर्यंत माती थांबवतात, त्यासाठी पंचायतीने वर्गणीतून बर्फाची पेटीच घेऊन ठेवलीय. केरबाची आई गेली तेव्हा शिवतेज येईपर्यंत तिलाही त्याच पेटीत ठेवली होती. ‘‘तवा कोण म्हणालं का, म्हातारी मेली न्हाई म्हणून?’’ केरबा म्हणाला. ‘‘तुमी नातवाची वाट बघत ठेवली. मी औषधाची वाट बघत ऱ्हातो. मी जरा जास्त दिस, एवढंच की.’’

‘‘नातू येणार हे ठाऊक होतं गड्या,’’ नानासो म्हणाला.

खरी अडचण वेगळीच निघाली. सुतक. भावकीतलं माणूस गेलं की दहाव्या-तेराव्यापर्यंत सगळ्या भावकीला सुतक. तेवढे दिवस देव नाही, लग्नकार्य नाही. आता मातीच झाली नाही तर दहावा कुठून मोजायचा? आणि दहावा झाला नाही तर सुतक फिटायचं कधी? भावकीतल्या एका पोरीचं लग्न ठरत आलं होतं. तिच्या बापाने चावडीत सगळ्यांदेखत विचारलं, ‘‘केरबादा, तुमी शंभर वर्सांनी उठणार, तवर आमच्या पोरी काय बिनलग्नाच्या ठिवायच्या?’’ सगळे हसले. केरबा हसला नाही, कारण प्रश्न बरोबर होता. तो त्या दिवशी माझ्याकडे आला आणि पहिल्यांदाच म्हणाला, ‘‘मिटलं बहुतेक, वकील.’’

तोडगा अखेर एका म्हाताऱ्याने काढला. पुरात वाहून गेलेल्या हरिबाचं प्रेत सापडलं नव्हतं, तेव्हा दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी दिला होता. सावडलं, दहावा घातला, सगळं रीतसर झालं. तसाच केरबाचा पुतळा करायचा, पुतळ्याची माती करायची, सुतक तिथून मोजायचं. केरबा तिकडे बंगळूरला पडून का राहीना. भावकीने मान डोलावली. मला खरंच आश्चर्य वाटलं. जे काम एवढ्या टेबलांना जमलं नाही ते चार म्हाताऱ्यांनी तंबाखू मळत मळत करून टाकलं.

ठराव सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत यायचा होता. झेंडावंदन झालं, पोरांना लाडू वाटले, मग पंचायतीच्या पटांगणात सतरंज्या अंथरल्या. बायका एका बाजूला पदर सावरून बसलेल्या. मी मुद्दाम गेलो होतो. केरबाने इस्त्रीचा सदरा घातला होता. एवढा नीटनेटका मी त्याला त्याच्या लग्नात बघितला होता, आणि नंतर तिथेच.

पाणीपट्टी झाली, रस्ता झाला, मग नानासोने हा विषय वाचला. पुतळ्याचं सगळं समजावून सांगितलं. कुणी हरकत घेतली नाही. मीच मधे उठून म्हटलं, की कायद्याने पत्नीची संमती लागते, तीही आत्ताच घेतली तर बरं.

‘‘हाय की,’’ केरबा बसल्या जागेवरून म्हणाला.

‘‘तुमची न्हवं डॉक्टर,’’ नानासो हसून म्हणाला. ‘‘वहिनी, तुमची काय हरकत?’’

बनुबाई मागे बसल्या होत्या. त्यांना उठायला वेळ लागला, गुडघे धरलेले. त्या घरात मी किती वेळा जेवलो असेन, पण त्या चारचौघांत बोललेल्या मला आठवत नाहीत. केरबाच्या ड्युटीला वेळकाळ नव्हता, म्हणून बनुबाईंच्या चुलीलाही नव्हता. सासू अंथरुणाला खिळलेली, तिचं सगळं त्यांनी केलं. म्हशी त्यांनी पाळल्या, दूध डेअरीला त्यांनी घातलं, ऊस तुटताना वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, त्यांनी गोळा केले. पोरं त्यांनी वाढवली. हे सगळं गावाला माहीत होतं आणि त्यात सांगण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटत नव्हतं.

‘‘माझी कशाला हरकत,’’ त्या म्हणाल्या. आवाज बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. ‘‘त्यास्नी ऱ्हायचं तर ऱ्हाऊ द्या. चांगला माणूस हाय. कवा हात उगारला न्हाई, कवा पिऊन आले न्हाईत. त्यांच्यावर माझा राग न्हाई.’’

केरबाने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. बघ, म्हटलं नव्हतं?

‘‘पण माझं येक लिवून घ्या,’’ बनुबाई म्हणाल्या. ‘‘मला मातूर जाळा. चांगली लाकडं लावून जाळा, काय मागं ठिवू नगा. मला परत उठायचं न्हाई.’’

केरबा अर्धवट उठला. ‘‘आगं, तुझीबी जागा बघतो की तिथं! मी सांगतो त्यास्नी. दोघांचं करू.’’

‘‘आवं नगं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तुमी उठशीला आन म्हणशीला, बनू, च्या ठेव. लय झालं. उभ्या जल्मात मला कुणी इचारलं न्हाई, आज इचारलंसा म्हणून सांगते. मी दमले. आता मला निजू द्या.’’

त्या खाली बसल्या. शेजारच्या बाईने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्या रडत नव्हत्या. नानासोने घसा खाकरला, ठराव सर्वानुमते मंजूर असं जाहीर केलं आणि लगेच गटारीच्या विषयावर गेला. कुणीतरी टाळी वाजवायला घेतली आणि थांबवली.

केरबाला हवं ते सगळं मिळालं होतं. गाव, भावकी, पोरं, बायको. सभा संपल्यावर लोक त्याच्याशी हात मिळवत होते आणि तो हात पुढे करत होता, पण बघत कुठेतरी दुसरीकडेच होता. आम्ही दोघे नदीकडच्या रस्त्याने चालत निघालो. उसाच्या गाड्या जात होत्या, धुरळा उडत होता.

बरंच पुढे गेल्यावर तो म्हणाला, ‘‘वकील, मी जवाजवा उठायचा इचार केला, तवा ती तिथं हुतीच. पदराला हात पुसत. तिला कोण उठवणार हे माझ्या ध्यानातच आलं न्हाई रं.’’

‘‘अजून वेळ आहे. तयार होतील त्या,’’ मी म्हटलं. अशा वेळी माणूस काहीतरी बोलतो.

‘‘ती का तयार हुईल?’’ तो म्हणाला. ‘‘मी तिच्या जागी असतो तर झालो असतो का?’’ आणि तो रस्त्याच्या कडेला मैलाच्या दगडावर बसला. मला त्याची दया आली आणि रागही आला. एवढी कार्यालयं फिरला गडी, स्वयंपाकघरात तेवढा गेला नाही.

ग्रामसभेचा ठराव असला तरी संमतीचं प्रतिज्ञापत्र वेगळं लागतं. ते टाईप करून मी दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या घरी गेलो. दार उघडंच होतं. बनुबाई पुढच्या सोप्यात भिंतीला टेकून बसल्या होत्या, पाय लांब करून. त्यांना रिकामं बसलेलं मी प्रथमच बघत होतो आणि त्यांनाही ते जमत नव्हतं, हात सारखे पदराशी चाळा करत होते. आतून भांडं पडल्याचा आवाज आला.

‘‘या भावजी,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आज आत राज्य बदललंया.’’

केरबा गॅससमोर उभा होता. चहा उतू गेलेला, ओट्यावर साखर सांडलेली, पत्तीचा डबा उघडा. त्याने तीन कप भरले आणि ताटली घेऊन बाहेर आला. एक कप बायकोसमोर धरला. ‘‘साखर किती लागती तुला? मी आपली अंदाजानं घातलीया.’’

बनुबाईंनी कपाकडे बघितलं. ‘‘मी च्या पीत न्हाई,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पित्तानं जळजळ व्हायची, म्हणून कवाच सोडला. आत्याबाई हुत्या तवाच.’’

आत्याबाई म्हणजे केरबाची आई. तिला जाऊन बरीच वर्षं झाली होती.

केरबा कप हातात धरून तसाच उभा राहिला. मी विषय बदलायचा म्हणून पिशवीतून कागद काढला आणि लगेच मला माझीच लाज वाटली. ‘‘ऱ्हाऊ दे आज,’’ केरबा म्हणाला. पण बनुबाईंनी हात पुढे केला. ‘‘आणा हिकडं. पुन्यांदा भावजींला हेलपाटा कशाला?’’ त्यांनी चष्मा लावला, पहिलं अक्षर जपून काढलं आणि सही केली. तो कागद आजही माझ्या कपाटात आहे. केरबा अजून तो न्यायला आलेला नाही. बंगळूरवाल्यांचे फोन येतात, मी सांगतो, पक्षकार विचार करतोय.

त्या सकाळी तो कप मीच प्यायलो. भयंकर गोड होता.

‘‘मग तू सकाळी घेतीस काय?’’ केरबाने विचारलं.

‘‘गरम पाणी.’’

तो आत गेला. पातेलं ठेवल्याचा आवाज आला, गॅस पेटला. थोड्या वेळाने त्याने आतूनच विचारलं, ‘‘किती गरम?’’

बनुबाईंनी मान वळवून दाराकडे बघितलं. ‘‘बोट घालून बघा,’’ त्या म्हणाल्या.

मी बसलो होतो तिथून मला तो दिसत होता. त्याने सवयीने उजव्या हाताचं पहिलं बोट पाण्यात घातलं आणि वाट बघत उभा राहिला. त्याला काहीच कळलं नाही. मग त्याने ते बोट काढलं, सदऱ्याला पुसलं आणि डाव्या हाताचं घातलं.